अण्णांचे शब्द गेले, चाल राहिली: मेंदू आणि एआयबद्दल विचारायचंय

बालाघाटची_लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं इथं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वय ७४. संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील, ज्वारीच्या रानात असतानाच त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बाजेवर घालून आणलं, मग जीप, मग तालुका, तिथून "पुढं न्या". योग्य जागी पोचेपर्यंत सात तास गेले. आता पाय ओढत का होईना चालतात. हात थोडा उचलतो. वाचा मात्र गेली. समजतं सगळं, कोण आलं कोण गेलं, सोयाबीनला काय भाव लागला, सगळं. बोलायला गेले की "ते... ते..." याच्या पुढं गाडी सरकत नाही. तहान लागली की तांब्याकडं बघत बसतात.

आषाढी एकादशीला भजनी मंडळ घरी आलं होतं. अण्णा तीस वर्षं गावात चाल म्हणणारे. मंडळी म्हणाली, नुसतं ऐकतील तरी. टाळ सुरू झाले. पहिल्या चरणाला अण्णांचे ओठ हलले, दुसऱ्याला आवाज फुटला, आणि तिसऱ्यापासून अख्खा अभंग शब्दासकट, एक अक्षर न गाळता. आई भाकरी टाकून तशीच पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. अभंग संपला. मी विचारलं, "अण्णा, पाणी देऊ?" तर "ते... ते..."

दुसरी गोष्ट सांगायला जरा संकोच वाटतो. पुढच्याच आठवड्यात शेजारच्यांची शेळी आमच्या वाळवणात शिरली, तेव्हा अण्णांच्या तोंडून एक सणसणीत शिवी निघाली. एकदम स्पष्ट. नवऱ्याची शिवी ऐकून आईला एवढा आनंद झालेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

माझा भाचा पुण्यात कंपनीत आहे. तो म्हणाला, "मावशी, एआय पण न्यूरल नेटवर्कच असतं. मेंदूचीच नक्कल. त्यातला एक भाग बंद पाडला तर असंच होईल." मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. फळ्यावर चेतापेशी इतक्यांदा काढलीय की झोपेतही काढीन. पण भाच्याला खरं की खोटं, हे सांगता आलं नाही. म्हणून विचारते. ही खरंच नक्कल आहे का? कोण कुणाकडून शिकलं? आणि यातलं काही अण्णांच्या उपयोगाचं आहे का?

तिरकस_तोफ

पहिला नंबर माझा. आता कुणीतरी येऊन सांगेल की आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच माहीत होतं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

(अण्णांना नमस्कार सांगा. शिवी कोणती होती?)

मांजराकाठचा_डॉक्टर

ताई, तुम्ही जे पाहिलंत ते विरळ नाही. मेडिसिनच्या वॉर्डात आम्ही पाहतो, नातेवाईकांना मात्र दर वेळी चमत्कार वाटतो.

याला वाचाघात म्हणतात. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या सर्जनकडं एक रुग्ण होता, त्याला "टॅन" एवढंच बोलता यायचं. तो वारल्यावर मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात इजा. अण्णांचं उजवं अंग गेलंय म्हणजे मार डाव्या मेंदूलाच आहे, आणि "समजतं पण बोलता येत नाही" हे वर्णन त्याच जातीचं. "ते... ते..." हे त्यांचं "टॅन" समजा.

बोलणं आणि म्हणणं या मेंदूच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "मला पाणी पाहिजे" हे वाक्य प्रत्येक वेळी नव्यानं जुळवावं लागतं. शब्द शोधायचा, क्रम लावायचा, जिभेला हुकूम द्यायचा. तोंडपाठ अभंग, एक ते दहा आकडे, वारांची नावं, शिव्या, देवाचं नाव हे जुळवावं लागत नाही, ते घडी घातलेलं असतं, नुसतं उलगडायचं. त्यात उजव्या मेंदूचा आणि खोलवरच्या पेशीपुंजांचा वाटा मोठा असतो, आणि अण्णांचा तो भाग शाबूत आहे. पाढे म्हणायला लावून बघा. बहुतेक येतील.

१९७३ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी यावरून उपचाराची एक पद्धत मांडली. रोजच्या कामाचे दोन-तीन अक्षरी शब्द सुरात म्हणायचे, सोबत रुग्णाच्या डाव्या हातानं ठेका धरायचा, आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. गुण सुरामुळं येतो, ठेक्यामुळं, की ओळखीच्या शब्दांमुळं, यावर अजून वाद आहे. २०११ मधल्या जर्मन अभ्यासात सुरापेक्षा ठेका आणि पाठांतर यांचं वजन जास्त निघालं. घरी उगाच प्रयोग करण्याआधी स्पीच थेरपिस्टला एकदा दाखवा.

आणि ते सात तास. तुम्हाला टोचायला नाही लिहीत, इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. तोंड वाकडं, हात पडला, जीभ अडखळली, यातलं एक जरी दिसलं तरी अंगारा, लिंबू, चोळणं यात वेळ घालवू नका. सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी थेट जा.

दुधनाकाठ

मूळचा सेलूचा, सध्या हिंजवडीत पोटापाण्याला. मॅडम, तुमचा भाचा अर्धा बरोबर आहे, आणि आमच्या धंद्यातली माणसं अर्धंच सांगतात ही जुनी खोड आहे. जरा मुळापासून घेतो.

१९४३ साली वॉरन मॅककलक हा मेंदूचा डॉक्टर आणि वॉल्टर पिट्स हा विशीतला, शाळा-कॉलेज धड न केलेला पोरगा, या दोघांनी चेतापेशीचं गणित मांडलं. पेशीकडं चहूकडून इशारे येतात, बेरीज ठरावीक उंबऱ्याच्या वर गेली की ती पेटते, नाहीतर गप्प. १९४९ मध्ये डोनाल्ड हेब म्हणाला की ज्या पेशी एकमेकींना पेटवतात त्यांच्यातली वाट रुळत जाते. १९५८ मध्ये फ्रँक रोझेनब्लाटनं "परसेप्ट्रॉन" मांडला, चुकलं की पेशींमधले जोड सैल-घट्ट करत शिकणारा. तिथपर्यंत नक्कल म्हणा, हरकत नाही.

दुसरी उसनवारी मांजराकडून. ह्यूबेल आणि वीझेल १९५८-५९ च्या सुमारास मांजराच्या मेंदूत सुई घालून पडद्यावर ठिपके दाखवत होते. पेशी ढिम्म. मग काचपट्टी बदलताना तिच्या कडेची तिरपी सावली पडद्यावरून सरकली आणि पेशी कडकडली! म्हणजे तिला ठिपक्याशी देणंघेणं नव्हतं, विशिष्ट कोनातली कड हवी होती. आधी कडा, मग कडांचे आकार, मग वस्तू, अशी उतरंड. या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं. त्याच उतरंडीवरून जपानमध्ये फुकुशिमानं १९८० साली एक यंत्रणा बांधली, आणि १९८९ मध्ये यान लकुननं त्या धर्तीचं कृत्रिम पेशींचं जाळं, म्हणजे न्यूरल नेटवर्क, हातानं लिहिलेले पिनकोड वाचायला लावलं. फोन तुमचा चेहरा ओळखतो त्याच्या खापरपणजोबांत ते मांजर बसलंय.

इथून पुढं वाटा फुटल्या. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी "चूक मागे पाठवून शिकण्या"ची रीत गाजवली. उत्तर चुकलं की शेवटच्या थरापासून पहिल्या थरापर्यंत मागे मागे हिशेब करत प्रत्येक जोडाला त्याच्या वाट्याचा दोष द्यायचा. आजची जवळपास सगळी एआय यावर उभी आहे. पण १९८९ मध्ये खुद्द फ्रान्सिस क्रिकनं, तोच डीएनएवाला, हात वर केला. म्हणाला, मेंदूत असं काही होत असल्याचा पुरावा कुठंय? चेतातंतूवर इशारा एकाच दिशेनं जातो, त्याच वाटेनं चुकांचा हिशेब उलटा कसा येणार? त्या प्रश्नाला आज पस्तीसहून जास्त वर्षं झाली, अजून पक्कं उत्तर नाही. आणि सध्या ज्या चॅटवाल्या मॉडेलांचा बोलबाला आहे त्यांची रचना २०१७ ची. तिच्यात "अटेन्शन" हा शब्द आहे, पण मेंदूतल्या अवधानाशी तिचं नातं नावापुरतं. आपल्याकडं "मोती" नावाचा कुत्रा असतो, तसं.

एक पेशी म्हणजे एक गणित, हेही खरं नाही निघालं. २०२१ मध्ये इस्रायली संशोधकांनी मेंदूच्या सालीतल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, एकाच चेतापेशीचं वागणं हुबेहूब उतरवायला किती मोठं कृत्रिम जाळं लागतं ते पाहिलं. पाच ते आठ थरांचं लागलं. एका पेशीला!

भाच्याचं दुसरं म्हणणं, "भाग बंद पाडला तर असंच होईल". भाषेच्या मॉडेलांत भाषेला जास्त पेटणारे मोजके घटक हुडकून बंद केले तर भाषा ढासळते, आणि तितकेच भलतेसलते घटक बंद केले तर फारसं बिघडत नाही. हे करून पाहिलेलं आहे. पण अण्णांसारखं, शब्द गेले आणि चालीवरचे शब्द राहिले, असं त्याच्यात होणार नाही. कारण त्याला चालच नाही. त्याला टाळ नाही, जीभ नाही, तीस वर्षांच्या काकड्याची पहाट नाही. त्याच्याकडं सगळं एकाच दारानं आलंय, मजकुराच्या.

कपाशीवाले_बप्पा

डॉक्टर अन् दुधनाकाठ, दोघांचं बी वाचलं. काई समजलं, काई डोक्यावरून गेलं.

ताई, मपलं एक ऐका. आमच्या वडिलाकडं हौश्या नावाचा बैल व्हता. बाजार करून रातच्याला निघायचे तवा वडील गाडीतच आडवे व्हायचे. सात कोस. दोन नाले, एक फाटा, मधी एक ओढा. बैल बराबर दारात आणून उभा करायचा अन् फुरफुरायचा, की उठा आता. एका साली वढ्याला पाणी आलं, तर गडी कधी न गेलेल्या वरच्या वाटानं वळसा घालून आला. न गेलेल्या! आता सांगा, त्याला कुणी मॅप देला व्हता?

माझ्या पोराचा फोन परवा "उजवीकडं वळा" म्हणला अन् आम्ही कुणाच्या तरी गोठ्यात.

दुधनाकाठ

बप्पा, हौश्याला दंडवत. तुम्ही न कळत नोबेलच्या विषयाला हात घातलात.

बैलावर नाही, पण उंदरांवर हे झालंय. १९७१ मध्ये जॉन ओकीफला उंदराच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात अशा पेशी सापडल्या की उंदीर खोलीच्या एका ठरावीक जागी आला तरच ठरावीक पेशी पेटते. या "जागेच्या पेशी". २००५ मध्ये नॉर्वेत मोझर दांपत्याच्या प्रयोगशाळेत शेजारच्याच भागात वेगळ्याच पेशी निघाल्या. त्यातली एक पेशी खोलीभर अनेक ठिकाणी पेटते, आणि ती ठिकाणं कागदावर मांडली तर मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी नक्षी! मेंदूतला आलेखाचा कागदच. तिघांना २०१४ चं नोबेल. न गेलेल्या वाटेनं वळसा घालता येतो तो असा नकाशा मनात असल्यामुळंच, असं मानतात.

२०१८ मध्ये गुगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीच्या लोकांनी एका प्रोग्रामला नुसतं "चालत राहा आणि आपण कुठं आहोत ते सांग" असं शिकवलं, तर त्याच्या जाळ्यात तशीच षटकोनी नक्षी आपोआप उमटली. केवढा गाजावाजा झाला, मीही तेव्हा ऑफिसात पेढे वाटायचा बाकी होतो. चार वर्षांनी दुसऱ्यांनी तपासलं, तर असं निघालं की ती नक्षी "आपोआप" नव्हती. जाळ्याची मांडणी विशिष्ट प्रकारे केली तरच उमटते, सहसा नाही. म्हणजे हवं ते उगवेल असंच रान आधी तयार केलेलं. मेंदू आणि एआयची तुलना करणारी बातमी दिसली की हा किस्सा आठवावा.

तिरकस_तोफ

म्हणजे बियाणं आपणच पेरायचं आणि उगवल्यावर "निसर्गाचा चमत्कार" म्हणून फोटो टाकायचा. कळलं.

नीट_लातूर_२७

मॅडम हा धागा आमच्या ग्रुपवर आला. मी लातूरला क्लासला आहे. ब्रोका नीटला येतं का? आणि एक सिरियस विचारतो. आमचे रूम पार्टनर रात्री दोनपर्यंत वाचतात आणि सहाला उठतात. झोप म्हणजे टाइमपास म्हणतात. मला झोप येते. मी मागे पडेन का?

बालाघाटची_लेक (धागाकर्ती)

अरे बाळा, ब्रोकाचं सोड, आधी झोप.

याचं उत्तर मला येतं, हे शिकवताना मी नेहमी सांगते. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या त्या "जागेच्या पेशी" झोपेत पाहिल्या. दिवसा फिरताना ज्या पेशी जोडीनं पेटल्या होत्या त्याच पुन्हा झोपेत जोडीनं पेटत होत्या. उंदीर झोपेत उजळणी करत होता! मेंदूत दोन कोठारं आहेत असं समज. एक हिप्पोकॅम्पस, ते आजचं आज चटकन टिपून घेतं. दुसरी मेंदूची साल, ती सावकाश, जुन्यात नवं मुरवत शिकते. टिपलेलं मुरवायला झोप लागते. रात्री दोनपर्यंत जे भरलं ते चार तासांत मुरत नाही.

यातलं एआयचं काही दुधनाकाठ सांगतील का? मी कुठंतरी वाचलंय की यंत्रालाही उजळणी लागते.

दुधनाकाठ

लागते, आणि इथं नातं पक्कं आहे, मोतीसारखं नाही. कृत्रिम जाळ्याला आधी "अ" शिकवा, मग "ब" शिकवा, तर ते "ब" शिकताना "अ" धुऊन टाकतं. हा दोष १९८९ मध्ये मॅक्लॉस्की आणि कोहेन यांनी दाखवला. १९९५ मध्ये मॅक्लेलंड, मॅकनॉटन आणि ओरायली यांनी मांडलं की मेंदूत दोन कोठारं आहेत ती हा घोळ टाळायलाच. २०१५ मध्ये डीपमाइंडचा प्रोग्राम जुने व्हिडिओ गेम शिकला तेव्हा त्यात आधीचे अनुभव साठवून ते उलटसुलट पुन्हा पुन्हा दाखवायची युक्ती होती. त्यांनी स्वतःच तिचं मूळ मेंदूच्या उजळणीत असल्याचं लिहिलंय. तरी आजची मोठी मॉडेलं एकदा शिकवून झाली की गोठतात. आज तुमच्याशी बोलून रात्री काही मुरवत नाहीत. लातूरचा पोरगा झोपतो तेव्हा जे करतो ते त्यांना जमत नाही.

उलट दिशेचंही एक सांगतो, कारण मॅडमनी "कोण कुणाकडून शिकलं" विचारलंय. सटन आणि बार्टो या संगणकवाल्यांनी यंत्रांना बक्षिसावर शिकवायचं गणित ऐंशीच्या दशकात बसवलं. "अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळालं" एवढ्यावरच शिकायचं. त्याच सुमाराला शुल्ट्झ हा मेंदूचा अभ्यासक माकडाच्या मेंदूतल्या, डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी मोजत होता. रसाचा थेंब अचानक मिळाला की पेशी उसळतात. आधी दिवा लागून मग रस येतो हे माकडाला कळलं की दिव्यालाच उसळतात, रसाला नाही. आणि दिवा लागून रस आलाच नाही तर त्या वेळेला खाली बसतात. १९९७ मध्ये कळलं की ही तर गणितातली तीच वजाबाकी आहे. गणित यंत्रासाठी केलं, सापडलं मेंदूत.

नीट_लातूर_२७

म्हणजे टेस्टमध्ये अपेक्षेपेक्षा कमी पडले की वाईट वाटतं ते डोपामिन. ओके मॅडम. झोपतो.

औसा_१९९३

आठवणींचं चाललंय म्हणून लिहितो. मी तेव्हा नऊ वर्षांचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी विसर्जन झालेलं. किल्लारी आमच्यापासून फार लांब नाही.

मला स्वच्छ आठवतं, मी ओसरीत झोपलो होतो आणि स्वतः पळत अंगणात आलो. थोरला भाऊ म्हणतो, ओसरीत तो होता. मी आजीजवळ आत माळवदाखाली होतो आणि आजोबांनी मला पायाला धरून ओढून काढलं. दोघंही शपथेवर सांगतो. आजोबा आता नाहीत, आजी त्याच पहाटे गेली. बत्तीस वर्षं हा वाद दर गणपतीत होतो. मला दगड पडताना दिसतात, आवाज येतो, मातीचा वास येतो. हे खोटं कसं असेल?

दुधनाकाठ, तुमची एआय म्हणे नसलेलं छातीठोक सांगते. मग मी काय करतोय?

मांजराकाठचा_डॉक्टर

दादा, आधी आजींना नमस्कार.

१९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर यान फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका प्राध्यापकानं विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कळली तेव्हा कुठं होता, कुणी सांगितलं. अडीच-तीन वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारलं. कित्येकांची उत्तरं साफ वेगळी, आणि खात्री मात्र भरपूर. त्यांचंच हस्ताक्षर दाखवलं तरी पटेना. तुम्ही खोटं बोलत नाही. आठवण ही पेटीत ठेवलेली वस्तू नसते, दर वेळी काढताना थोडी नव्यानं बांधली जाते. भावानं सांगितलेलं, गावानं सांगितलेलं, नंतर पाहिलेले फोटो, सगळं त्या भिंतीत चिणलं जातं. भीती खरी असते, तपशिलाची हमी नसते.

यंत्र चुकीचं छातीठोक सांगतं त्याला सगळे "हॅल्युसिनेशन", म्हणजे भास, म्हणतात. आमच्या भाषेत त्याला भास म्हणणार नाही. आमच्याकडं एक वेगळा प्रकार आहे. मेंदूला मार लागलेला रुग्ण आठवणीतली भोकं कल्पनेनं बुजवतो आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. यंत्राचं त्याच्याशी जास्त जुळतं. फरक एवढा की तुम्हाला आज शंका आली आणि तुम्ही इथं लिहिलंत.

कपाशीवाले_बप्पा

औसावाले दादा, त्या साली आम्ही ट्रॅक्टर भरून भाकरी अन् चादरी घेऊन आलतो. काय पाह्यलं ते लिवत नाई.

तिरकस_तोफ

बप्पांच्या पोस्टनंतर माझी तोफ थंड. एक खराखुरा प्रश्न. एवढं सगळं वाचून एआय मेंदूच्या किती जवळ आहे? आकड्यात सांगा.

दुधनाकाठ

एका आकड्यात नाही सांगता येणार, पण अंतर मोजायला काही काठ्या देतो.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. वीज साधारण २० वॅट, म्हणजे घरातली एक एलईडी ट्यूब. लोडशेडिंगमध्येही चालतो. मोठी मॉडेलं शिकवायला हजारो चिप महिनोन्महिने लागतात.

नकाशाचं म्हणाल तर ३०२ पेशींच्या एका जंताचा पूर्ण जोडनकाशा १९८६ मध्ये झाला. फळमाशीच्या मेंदूचा, सुमारे १ लाख ३९ हजार पेशी आणि पाच कोटींवर जोड, २०२४ मध्ये. तोही एआयनं चित्रं जुळवून दिली म्हणून, नंतर माणसांनी हातानं दुरुस्त्या केल्या. माणसाच्या मेंदूचा एक घनमिलिमीटर, ज्वारीच्या दाण्याहून लहान तुकडा, २०२४ मध्येच मांडला, तर त्याची माहिती १.४ पेटाबाइट, म्हणजे १४ लाख जीबी झाली. आपल्याकडं आयआयटी मद्रासनं त्याच वर्षी गर्भातल्या बाळाच्या मेंदूच्या पाच हजारांवर कापांचा "धरणी" नावाचा त्रिमितीय नकाशा सगळ्यांना खुला केलाय. मॅडम, वर्गात दाखवण्याजोगा आहे.

आणि भाषा. एका गाजलेल्या मॉडेलला १५ लाख कोटी शब्दतुकडे पाजले. आपलं लेकरू दहा-बारा वर्षांचं होईस्तोवर फार तर दहाएक कोटी शब्द ऐकतं, आणि आजीशी भांडायला त्याच्या कितीतरी आधी शिकतं. २०२४ मध्ये एक गोड प्रयोग आला. एका बाळाच्या डोक्यावर सहा महिन्यांपासून पंचवीस महिन्यांपर्यंत अधूनमधून छोटा कॅमेरा बांधला. त्यातलं ६१ तासांचं चित्रण एका साध्या जाळ्याला दाखवलं तर ते चेंडू, खुर्ची असे कित्येक शब्द वस्तूशी जुळवायला शिकलं. शब्द जुळवायलाच हां, बोलायला नाही.

बालाघाटची_लेक (धागाकर्ती)

सगळं वाचतेय. माझा तिसरा प्रश्न राहिला. भाच्यानं एक व्हिडिओ पाठवलाय, बाईच्या डोक्यात चिप बसवली आणि ती संगणकातून बोलायला लागली. अण्णांना असं काही?

मांजराकाठचा_डॉक्टर

ताई, इथं सरळ बोलतो, कारण अशा व्हिडिओंमुळं लोक जमीन विकायला निघतात.

२०२३ मध्ये अमेरिकेत दोन ठिकाणी हे झालं. एका बाईला चेतासंस्थेचा आजार, दुसरीला मेंदूच्या खोडात झटका. मेंदूतल्या इशाऱ्यांवरून संगणकानं एकीचे मिनिटाला ६२, दुसरीचे ७८ शब्द ओळखले. संगणकातली यंत्रणा हीच, कृत्रिम जाळी, आधी ध्वनी ओळखायचे आणि मग भाषेच्या मॉडेलनं शब्द लावायचे. पण दोघींची भाषा शाबूत होती. वाक्य मेंदूत तयार होत होतं, जिभेपर्यंतची तार तुटली होती. अण्णांचं उलटं. तार आहे, गाणं म्हणताना दिसलीच. वाक्य जिथं जुळतं ती जागा दुखावलीय. तिथला इशाराच अर्धा असेल तर चिप काय वाचणार? शिवाय ते सगळं इंग्रजीत, प्रयोगशाळेत, मोजक्या माणसांवर. विकत मिळत नाही. कुणी देतो म्हणाला तर नंबर ब्लॉक करा.

थेरपिस्ट, ठेका, डावा हात. हे स्वस्त आहे आणि आज करता येतं.

बालाघाटची_लेक (धागाकर्ती), पाच आठवड्यांनंतरची भर

पाढे आले! बे एके बे पासून बे दाहे वीसपर्यंत. "बे पंचे किती?" असं मधूनच विचारलं तर मात्र नाही. सुरुवातीपासून गाडी सोडावी लागते.

थेरपिस्ट बाईंनी आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर शिकवायचं ठरवलं. "पाणी दे" हे अण्णांच्याच एका चालीच्या पहिल्या वळणावर बसवलं. मी गुणगुणायचे, त्यांचा डावा हात धरून गुडघ्यावर ठेका द्यायचे. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी अण्णांनी माझा हात झटकला. मला वाटलं चिडले. तर त्यांनी मान हलवली, स्वतः डाव्या हातानं गुडघ्यावर ठेका धरला, माझ्यापेक्षा बराच संथ, आणि खालच्या पट्टीत सूर लावला. मी पट्टी चुकीची घेतली होती! त्यांच्या पट्टीत गेल्यावर चौथ्या फेरीला "पा... णी" आलं.

आजच्या तारखेला तीन शब्द आहेत. पाणी, चहा, आणि शेळीचा तो. तिसरा आम्ही शिकवलेला नाही. सूर काढून घ्यायचं अजून जमलेलं नाही, "चहा" आलापातच येतो. आई पण आता "ठेवते" हे सुरातच म्हणते.

दुधनाकाठ, अण्णांच्या रेकॉर्डिंगचं तुम्ही व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं. आई नको म्हणाली.

कपाशीवाले_बप्पा

लै भारी ताई. डॉक्टर, आमच्या गावात बी एक वारं गेलेला गडी हाय. त्याला भजन येत नाई. तमाशात ढोलकी वाजवायचा, त्याला निस्त्या लावण्या पाठ. चालंल का?

मांजराकाठचा_डॉक्टर

चालेल की. जे तोंडपाठ असेल ते. चाल लावणीची घ्या, शब्द मात्र पाणी-भाकरीचे बसवा.